वहिनी, तुझी चौथी भाषा

वहिनी, परवा तुझ्या नावानं मेल आला. तुला माती देऊन त्या दिवशी अठरा दिवस झाले होते. कॅफे उघडल्यावर मी सवयीनं तुझं खातं उघडलं. पासवर्ड मलाच ठाऊक, मीच ठरवून दिलेला. संस्थेनं लिहिलं होतं की तुमची राहिलेली अंतिम परीक्षा पुन्हा घ्यायला आम्ही तयार आहोत, सोयीची तारीख कळवावी. खाली आपल्या त्या शिकवणाऱ्या सरांचं नाव. मी उत्तराचं पान उघडलं, ‘सर’ एवढं टाईप केलं आणि पुढं हात चालेना. समोर गिऱ्हाईक उभं होतं. त्याला दोन नंबरचा कॉम्प्युटर दिला, वहीत वेळ लिहिली आणि ते पान तसंच बंद केलं. अजून उत्तर दिलेलं नाही. काय लिहू? तारीख तू द्यायची होतीस.

तू आमच्या हुपरीच्या घरात आलीस तेव्हा मी अकरावीत होते. निपाणीच्या पलीकडच्या गावातनं आलेली, कन्नड शाळेत बारावीपर्यंत शिकलेली, मराठी जेमतेम कामापुरती येणारी. बसूदादा चांदीची तार ओढायचा, तू आणि आमची आई, अव्वा, समोरासमोर बसून पैंजणांच्या कड्या जोडायचा. अव्वानं तुला मराठी शिकवली, ती सगळी तिच्या तोंडची, आपल्याकडची. त्यामुळं तूही आमच्याकडच्या बायकांसारखंच ‘मी आलो, मी गेलो’ म्हणायला लागलीस. पुढं अव्वा गेली, माझं लग्न होऊन मी कोल्हापुरात आले, आणि स्टँडजवळ माझ्या नवऱ्याच्या मावसभावानं नेट कॅफे काढलं तेव्हा दिवसा काउंटरवर बसायचं काम माझ्याकडं आलं. ब्रॉडबँड नवीन होतं. तास तास पान उघडायची वाट बघायचे दिवस नुकते संपले होते.

त्याच सुमाराला दादाचा पाय मोडला आणि तयार माल कोल्हापूरच्या गुजरीत, सराफांकडं, पोचवायचं काम तुझ्यावर आलं. माल देऊन परतीच्या एसटीपर्यंत दोन-अडीच तास असायचे. मी तुला पंख्याखाली बसवायची. पहिल्याच दिवशी तू माझ्या खांद्यावरनं स्क्रीनकडं बघत विचारलंस, हे पान कोण लिहितंय? मी म्हटलं, ते आपोआप येतं.

“आपोआप काय येत न्हाई, सुमन. कुणीतरी बसून केलं असणार की.”

मी रोज आठ तास त्या पानांसमोर बसत होते. हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. तू कारागीर होतीस म्हणून तुला आला असेल. कुठलीही वस्तू दिसली की ती कुणी आणि कशी केली असेल हे तू आधी बघायचीस.

घरबसल्या इंटरनेटवरनं डिप्लोमा, माहिती तंत्रज्ञान आणि वेब डेव्हलपमेंट, ही जाहिरात मीच तुला दाखवली. हौस माझी होती. एकटीला धीर होईना म्हणून तुलाही नाव घालायला लावलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी आपण दोघी एका कॉम्प्युटरवर बसायला लागलो. धडे सगळे इंग्रजीत. तू शब्दकोश घेऊन यायचीस, आणि इंग्रजी शब्दाचा अर्थ कन्नडमध्ये वहीत लिहून मला मराठीत समजावून सांगायचीस. पहिल्यांदा एचटीएमएलचं पान तुझ्या हातनं उघडलं, नुसतं पांढरं, त्यावर तुझ्या गावाचं नाव, तेव्हा तू खुर्चीत मागं टेकलीस आणि म्हणालीस, कन्नड, मराठी, इंग्रजी, आणि ही माझी चौथी भाषा. मी हसले. तू हसली नव्हतीस.

तिसऱ्या टप्प्याला जावास्क्रिप्ट सुरू झालं आणि मी सोडलं. घर, पोरगी, कॅफे, एवढं जमत नाही असं सांगितलं. खरं म्हणजे मला ते कळत नव्हतं आणि तुला कळत होतं, आणि तुझ्या शेजारी बसून न कळणं मला जड जात होतं. हे मी तुला कधी बोलले नाही. तू एकदाच विचारलंस, बसणार न्हाईस? त्यानंतर विषय काढला नाहीस. पण दर खेपेला माझी खुर्ची आधी ओढून ठेवायचीस.

हुपरीत दिवसदिवस लाईट नसायची. तू कोड वहीतच लिहायचीस. उजव्या हाताला चांदी, डाव्या बाजूला वही. आठवडाभर कागदावर लिहिलेलं शुक्रवारी येऊन नोटपॅडमध्ये उतरवायचं. पान बरोबर उघडलं तर काही बोलायची नाहीस. चुकलं तर वरपासून एकेका ओळीवर बोट ठेवत खाली यायचीस. तुझ्या बोटांना चांदीचा काळा रंग असायचा, तो स्क्रीनवर उठायचा, आणि मी कुरकुर करत फडक्यानं पुसायची. आता स्क्रीन स्वच्छ असतो.

त्या सरांची गंमत आठवते? तू त्यांना मेलमध्ये इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचीस, ‘मी कालच पाठवलो, टेबल नीट बसत नाही’ असं. त्यांना वाटलं हा कुणी गडी आहे. दोन महिने ते तुला महादेवजी म्हणून उत्तर देत होते. मी दुरुस्त करायला निघाले तर तू माझा हात धरलास. म्हणालीस, असूदे, गडी समजून तरी सविस्तर सांगतोय. शेवटी तुझ्या नावाच्या टोकाचा ‘आय’ त्यांनीच नीट वाचला आणि माफी मागितली. त्यानंतरही त्यांची उत्तरं तेवढीच लांब येत राहिली, तेव्हा तू मला म्हणालीस की माणूस चांगला हाय, मी उगंच संशय घेतला.

डोकं ठणकतंय म्हणायचीस. किती वेळा म्हणालीस ते मी मोजलं नाही. मी सांगायची, स्क्रीनकडं कमी बघ, चष्मा करून घे. चष्मा केलास. डोकं दुखायचं थांबलं नाही. रक्तदाब तपासून घे असं मला सुचलं नाही, दादाला नाही, तुलाही नाही.

आता त्या रविवारचं सांगते, कारण आपण दोघी त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही.

शाहूपुरीतला एक वेबसाईट बनवणारा माणूस कॅफेत प्रिंट काढायला यायचा. त्यानं तुझं पान बघितलं आणि तिथंच म्हणाला, बाई, रोज चार तास आमच्याकडं कामाला या, डिप्लोमा होईल तेव्हा होईल. तू मला बरोबर घेऊन हुपरीला गेलीस. जेवायला बसल्यावर दादापुढं विषय काढलास. तू फार बोलली नाहीस, दिवसाची कामं कशी उरकशील तेवढं सांगितलंस. दादा ओरडला नाही. त्यानं ताट पुढं सरकवलं आणि माझ्याकडं वळला.

“सुमन, तू तिथं बसतीस. तू सांग. असल्या ठिकाणी बाईमाणसानं रोज जावं काय?”

तू माझ्याकडं बघितलंस. मी व्हय म्हणायला पाहिजे होतं. मी स्वतः रोज तसल्याच ठिकाणी बसत होते. पण आई-बापाच्या मागं मला माहेर म्हणून एक दादाच होता. त्यानं मला शिकवलं, माझं लग्न करून दिलं. त्याच्यासमोर मान वर करून बोलायची मला सवय नव्हती. मी म्हटलं, बघूया की पुढं. दादा म्हणाला, ऐकलंस न्हवं? आणि तू उठून भात आणायला आत गेलीस.

तीन आठवडे तू आली नाहीस. माल शेजारच्या माणसाबरोबर यायचा. चौथ्या मंगळवारी दारात उभी राहिलीस. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तू पिशवीतनं वही काढलीस आणि म्हणालीस, पुढचा धडा उघड. बस्स. तू मला माफ केलंस की माझ्याकडनं अपेक्षाच सोडलीस, हे मला तेव्हा विचारवलं नाही. आता कुणाला विचारू?

पावसाळा संपता संपता तुझे पाय सुजायला लागले. कॅफेच्या चार पायऱ्या चढून दम लागायचा. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की रक्तदाब कित्येक वर्षांचा असणार, मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. आठवड्यातनं दोनदा डायलिसिस. दादा त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून नुसता कागद उलटासुलटा करत राहिला.

मग आपले मंगळवार-शुक्रवार तिथं गेले. तुझ्या एका हाताला नळ्या, चार तास हलायचं नाही. मी धड्यांचे प्रिंट काढून आणायची आणि वाचून दाखवायची. माझं इंग्रजी कसलं, अडखळत वाचायची. तू डोळे मिटून ऐकायचीस. मी कोड वाचताना काही गाळलं तर डोळे न उघडता म्हणायचीस, तिथं स्लॅश राहिला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या काकांना वाटायचं आपण कसलं तरी स्तोत्र म्हणतोय. त्यांनी एकदा विचारलंही, ह्यानं बरं वाटतं काय? तू म्हणालीस, वेळ जातो, काका.

मूत्रपिंड द्यायची गोष्ट निघाली. तुझ्या आईचा रक्तगट जुळला नाही, दादाला साखर निघाली. माझं नाव कुणी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. माझी पोरगी लहान होती हे खरं. मला भीती वाटली हेही खरं. तू कधी माझ्याकडं त्या नजरेनं बघितलं नाहीस, उलट मी आले की आधी पोरीची चौकशी करायचीस. वहिनी, निदान तपासून घेते असं तरी मी म्हणायला पाहिजे होतं.

तरीही त्या काळात तू डिप्लोमाचा प्रकल्प, स्वतःची वेबसाईट, पुरा करत आणलास. हुपरीची पैंजणं. अंगात जरा बळ असेल त्या दिवशी कॅफेत यायचीस, पैंजण, तोडे, वाळे स्कॅनरच्या काचेवर मांडायचीस, वरनं काळं फडकं टाकायचीस आणि चित्र उमटलं की वाकून बघायचीस. तसं चित्र मी कुठल्या दुकानाच्या जाहिरातीत बघितलेलं नाही. एकेक कडी मोजता यायची. दवाखान्यात पडल्या पडल्या वहीत काहीबाही लिहायचीस, आणि मी बघायला गेले की वही मिटायचीस. पुरं झाल्यावर बघ, म्हणायचीस.

अंतिम परीक्षा दीड तासाची, इंटरनेटवर. पहिल्या खेपेला तू कॅफेत तीन नंबरवर बसलीस. मी बाकीचे कॉम्प्युटर बंद ठेवले होते, लाईन हलकी राहावी म्हणून. अर्ध्यावर लाईट गेली. बॅटरीवर दहा मिनिटं चाललं, तेवढ्यात जमतील तेवढे प्रश्न सोडवलेस, आणि स्क्रीन काळा झाला. तू माऊसवरचा हात तसाच ठेवून बसलीस. मी लाईट बोर्डाला फोन लावला, कुणी उचलेना. तास झाला तरी लाईट आली नाही. सरांनी समजून घेतलं, दुसरी तारीख दिली.

दुसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी तुला दवाखान्यात ठेवून घेतलं. छातीत पाणी झालं होतं. सकाळी मी आले तर तू उशाला टेकून बसली होतीस आणि हातात दादाचा मोबाईल होता. म्हणालीस, तू कॅफेत जा, माझ्या नावानं आत शीर, प्रश्न मला फोनवर वाचून दाखव, मी सांगतो ते दाब.

मी म्हटलं, ते खोटं होईल. नियम आहे, परीक्षा देणाऱ्यानं स्वतःच द्यायची.

“उत्तरं माझीच हायती की. हात तेवढा तुझा.”

“सर चांगले हाईत. पुढची तारीख मागून घेतो मी. तू जरा बरी हो.”

“तारीख देतील गं. मी कुठनं आणू दिवस?”

मी नाहीच म्हणाले. तू फोन उशीखाली ठेवलास आणि भिंतीकडं तोंड केलंस. दुपारी पेज भरवायला लागले तर घेतलीस, मला परत जाताना नीट जा म्हणालीस, पण परीक्षेचं नाव काढलं नाहीस. चौथ्या दिवशी पहाटे दादाचा फोन आला. मी पोचेपर्यंत तुझ्या हाताच्या नळ्या काढलेल्या होत्या.

तेव्हापासनं मी स्वतःशी भांडतेय. तुझ्यासमोर मी नियम सांगितला. पण तो नियम होता, का दादासमोर बसलेली तीच मी होते, कुणी रागवेल म्हणून गप्प बसणारी? पकडलं असतं तर काय झालं असतं? डिप्लोमा रद्द केला असता. आता काय वेगळं झालंय? तू असतीस तर म्हणाली असतीस, सुमन, झालं ते झालं. मला ते ऐकायचं नाही. तू चिडायला पाहिजे होतीस. एकदा तरी माझ्यावर आवाज चढवायला पाहिजे होतास.

काल दादा कॅफेत आला. काठी टेकत चार पायऱ्या चढला. इतक्या वर्षांत तो कधी आत आला नव्हता, रस्त्यावरनंच हाक मारायचा. मी चहा सांगते म्हटलं तर नको म्हणाला. उभ्याउभ्याच त्यानं विचारलं, ती कुठं बसायची? मी तीन नंबर दाखवला. तो तिथं बसला, जपून, खुर्ची मोडेल असा. मग म्हणाला, तिनं काय केलंय ते मला दाखव.

मी तुझा फोल्डर उघडला. चित्रं आली. दादा चष्मा काढून, परत घालून बघत होता. हा तोडा माझ्या तारेचा, म्हणाला. शेवटचं पान मीही बघितलेलं नव्हतं. पुरं झाल्यावर बघ म्हणाली होतीस, आणि तू गेल्यावर मला उघडवलं नव्हतं. ते उघडलं तर एक मोठा तक्ता होता. एका बाजूला दागिना, दुसऱ्या बाजूला तो करणाऱ्या बाईचं नाव. दुकानाचं नाही, नवऱ्याचं नाही. गल्लीगल्लीतल्या बायका. तू माल द्यायला जाता-येता घरोघर विचारत फिरायचीस ते ह्यासाठी होतं तर. दादा एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागला. शांताबाई. मुमताज. यल्लव्वा. पार्वती. बाळाच्या वाळ्यांपाशी तो थांबला. तिथं लिहिलं होतं, गंगव्वा. आमची अव्वा.

तो स्क्रीनजवळ वाकला. मग हलक्या आवाजात म्हणाला, “अव्वाचं नाव आमी कुटं लिवलोच न्हाई.”

परत वरपासनं खालपर्यंत त्यानं तक्ता बघितला, बोटानं, तुझ्यासारखंच.

“सुमन, ह्यात हिचं नाव कुठं हाय?”

मी शोधलं. वर नव्हतं, खाली नव्हतं. सगळ्या बायकांची नावं घातलीस आणि स्वतःचं घालायचं तू मागं ठेवलं होतंस.

“घाल की. माझ्या तोड्याच्या म्होरं घाल. कड्या तिनंच जोडल्यात्या.”

मला वाटलं एवढं तरी मला येईल. दोन टप्पे मीही शिकले होते. नोटपॅड उघडलं. तुझ्या ओळी, एकीत एक अडकलेल्या, पानभर. मी तोड्याची ओळ शोधली, नवीन ओळ घातली, तुझं नाव लिहिलं, महादेवी, आणि पान परत उघडलं. तक्ता फुटला. चित्रं एकीकडं, नावं दुसरीकडं, अव्वाचं नाव पार खाली गेलेलं. मी वरपासून बघत आले, कुठं काय बंद करायचं राहिलं ते दिसेना. दोनदा केलं, तीनदा केलं. दादा नुसता बसून होता. त्याला वाटत होतं मी करतेय.

शेवटी मी म्हटलं, मला येत न्हाई, दादा. तिला येत होतं.

तो बरं म्हणाला. मी केलेलं एकेक मागं घेत गेले, आणि तुझं नाव सोडून सगळी नावं परत आपापल्या जागेवर आली.